कपाटातलं भविष्य

संपादकांचा निरोप आला, 'आयुष्यभर पुस्तकं दिलीत-घेतलीत, त्याबद्दल काहीतरी लिहा.' मी म्हटलं, यात लिहिण्यासारखं काय आहे? वाण्यानं साखर तोलली, मी पुस्तकं दिली. फरक एवढाच की साखर परत येत नाही. पुस्तक परत येतं, आणि येताना हळदीचे डाग, तपकिरीचा वास, एखादं वाळलेलं शेवंतीचं फूल आणि वाचणाऱ्याचं मत बरोबर घेऊन येतं. मत पेन्सिलीनं समासात लिहिलेलं असतं. 'नायिका मूर्ख आहे,' असं एकानं लिहिलं की खाली दुसरा लिहितो, 'तुम्ही फार शहाणे.' ही मतं खोडून काढणं माझ्या कामात मोडायचं. मी खोडरबर घेऊन बसायचेही, पण सगळं वाचून झाल्याशिवाय खोडायची नाही.

सोनईत मला कुणी ग्रंथपाल म्हटलं नाही. 'लायब्ररीच्या बाई' हेच माझं नाव. चावडीच्या मागं एक लांबट खोली होती, तीत चार कपाटं, एक टेबल, दोन बाकं. पुस्तक आलं की त्याला खाकी कागदाचं कव्हर घालायचं, शिक्का मारायचा, पाठीवर आकडा डकवायचा. एवढं कुणालाही जमतं. खरं काम पुढं असतं. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला काय हवंय ते त्याच्या तोंडून क्वचितच निघतं. 'काहीतरी चांगलं द्या,' असं म्हणणाऱ्याला चांगलं दिलं तर तो ते चौथ्या दिवशी न वाचता परत आणतो. ते ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

माणूस नुकताच चंद्रावर जाऊन आला होता. मासिकांना आणि स्वस्त कादंबऱ्यांना ऊत आला होता. अवकाशयानं काय, मंगळावरची माणसं काय, मेलेल्या प्रेयसीचं परत येणं काय. आमच्या लायब्ररी-समितीच्या मंडळींना हे सगळं पोरकट वाटायचं, पण माझ्या कपाटातून तेच बाहेर जायचं, हे मला दिसत होतं. शेवटी समितीनं सांगितलं, 'निदान वेगळं तरी ठेवा.' मी एका कपाटाचे तीन कप्पे रिकामे केले आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या लावल्या. वरच्या कप्प्यावर 'शास्त्रीय' लिहिलं. मधल्यावर भुतांच्या प्रेमकथा होत्या, तिथं 'भूत'. खालच्या कप्प्यात पुढं जगाचं कसं वाटोळं होणार आहे, याच्या कादंबऱ्या होत्या. तिथं 'भविष्यकाळातील कल्पित कथा' असं लिहायचं मनात होतं, पण पुठ्ठा संपला. 'भविष्य' एवढंच मावलं.

पोस्टमास्तर ते वाचून हसले. म्हणाले, 'भूत झालं, भविष्य झालं. वर्तमान कुठाय?' मी टेबलावरच्या वर्तमानपत्रांकडं बोट दाखवलं.

हे पोस्टमास्तर 'शास्त्रीय' कप्प्याचे कायमचे गिऱ्हाईक. इंधन कुठलं, वेग किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मंगळावर वस्ती झाली हे ते एका ओळीत मान्य करायचे. त्यांचा प्रश्न पुढचा असायचा: टपाल कसं जातं? लेखकानं ते सांगितलं नसेल तर पुस्तक परत देताना मान हलवायचे, 'कच्चं आहे.' एकदा मात्र एक कथा त्यांनी मुदत उलटली तरी परत दिली नाही. तीत मंगळावरच्या मुलाचं पत्र आईला पोचायला इतका काळ लागतो की आई गेलेली असते, आणि तिनं जाण्याआधी त्याच्या मागच्या पत्राला लिहिलेलं उत्तर तिकडं नंतर पोचतं. शेवटी मास्तरांनी पुस्तक टेबलावर आणून ठेवलं आणि एवढंच म्हणाले, 'हे पक्कं आहे. आमच्याकडं असं होतं.'

'भूत' कप्प्याचा मालक म्हणजे बाजारपेठेतला दगडू शिंपी. धिप्पाड माणूस, मिशा मोठ्या, आणि वाचायचा काय, तर मेलेल्या मुलींनी केलेलं प्रेम. पुस्तक तो कापडाच्या गठ्ठ्यात घालून न्यायचा. एकदा त्यानं एक कादंबरी दुसऱ्याच दिवशी आणून आपटली. मी विचारलं, 'का हो, आवडली नाही?'

'बाई, तिसऱ्याच प्रकरनात भूत उंबरा वलांडून आत आलं,' तो म्हणाला. 'मंग उरलं काय? आधीचं पुस्तक कसं हुतं, तिला उंबऱ्यापतूर येता यायचं, आत न्हाई. त्यो आतून बोलायचा, ती भायेरून. लई रडाया आलं. भुताला कायतरी जमलं न्हाई पायजे. समदंच ज्याला जमतं ते भूत न्हाई, पुढारी हाय.'

साहित्याची चर्चा मी नंतर पुष्कळ ऐकली, पण भुताच्या प्रेमकथेबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही. वाचकाला अद्भुत हवं असतं, पण त्याला उंबरा हवा. एक गोष्ट उलटी करा, बाकी सगळं घरच्यासारखं राहू द्या, मग तो तुमच्या मागं येतो. आणि येतो तो आपलं पोस्ट नाहीतर शिवणयंत्र बरोबर घेऊनच.

खालचा कप्पा मात्र हलत नव्हता. जगाचं वाटोळं वाचायला कुणी तयार नव्हतं. 'घरात कमी हाय का बाई?' असं तोंडावर सांगायचे. त्यात बहात्तरचा दुष्काळ लागला. विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली, पाण्याला टँकर आणि पोटाला रेशनची लाल मिलो ज्वारी. तो कप्पा उचलून माळ्यावर टाकावा असं माझ्या मनात होतं. तेवढ्यात आबा आले.

आबा म्हणजे गावाबाहेरच्या मळ्यातले एक जुने शेतकरी. जमीन बऱ्यापैकी, बैलजोडी नामांकित, अक्षरओळख नाही. बाजारच्या दिवशी त्यांनी सुनेला घेऊन लायब्ररीत पाय टाकला तो जनावरांच्या छावणीबद्दल पेपरात काय आलंय ते वाचून घ्यायला. सून कमल, सातवी झालेली, डोक्यावरचा पदर सावरत पेपर वाचत होती, पण तिची नजर सारखी कपाटाकडं जात होती. वाचणारी माणसं अशीच ओळखू येतात. पेपर वाचून झाला तशी ती चिठ्ठ्या वाचायला लागली, 'शास्त्रीय. भूत. भविष्य.'

आबांनी विचारलं, 'कोनाचं भविष्य?'

'सगळ्यांचंच,' मी म्हटलं. 'पुढं काय होणार ते लिहिलंय.'

'म्हंजी होईक.'

आमच्या भागात बिरोबाच्या जत्रेत ज्याच्या अंगात येतं तो सालाचा पाऊस-पाणी सांगतो, त्या सांगण्याला होईक म्हणतात. माणसं ती कानात प्राण आणून ऐकतात आणि त्यावर पेरणी ठरवतात. मला वाटलं, आबा गमतीनं म्हणतायत. मी हसले. कमल हसली नाही. तिनं खालच्या कप्प्यातलं पहिलं हाताला लागेल ते पुस्तक काढलं आणि म्हणाली, 'व्हय आबा. होईकच हाय. वाचून दावीन.' आबांच्या अंगठ्यावर त्यांच्या नावाचं कार्ड झालं आणि पुस्तक मळ्यात गेलं.

ती एवढ्या घाईनं का म्हणाली, ते पुढच्या बाजारी कळलं. ती एकटीच आली होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आबांनी तिच्या हातातलं गोष्टीचं पुस्तक काढून आढ्याला खोचून ठेवलं होतं. 'गोष्टी लेकरांनी ऐकाव्यात, सुनंनी न्हाई,' असा त्यांचा कायदा. आबा वाईट नव्हते, कायद्याचे होते. 'गोष्ट म्हनले आसते तर घेऊ दिलं नसतं,' कमल म्हणाली. 'आता सवताच हाक मारत्यात, ये गं, भविष्य वाच.'

दुपारी गोठ्यापुढच्या लिंबाखाली वाचन चालायचं. शेतात काम नव्हतं, त्यामुळं शेजारपाजारचीही माणसं येऊन बसायची. ती कादंबरी मला पाठ होती. लेखकाची बदनामी नको म्हणून नाव सांगत नाही. पाऊस कायमचा थांबलाय. भिंतीआड एक शहर आहे, तिथं मनगटावर नंबर गोंदवतात आणि नंबरानं पाणी मिळतं. जे लवकर गाव सोडून आले ते भिंतीच्या आत, उशिरा आलेले बाहेर. मला काळजी होती की टँकरच्या रांगेत उभी राहणारी माणसं हे ऐकून खचतील. 'खचायचं काय त्यात?' कमल म्हणाली. 'रांगंचं आलं की पोट धरून हसत्यात. त्यातल्या सायबाला आपला टँकरवाला म्हनत्यात. कोन कोनाच्या पुढं घुसलं ते बी पुस्तकात हाय म्हनत्यात.'

इतकी वर्षं मी त्या कादंबऱ्यांना भिण्याची पुस्तकं समजत होते. आपलंच दुःख दुसऱ्याच्या अंगावर जरा मोठ्या मापाचं चढवलं की माणसाला ते बघता येतं, हसता येतं, त्याच्यावर चार शब्द बोलता येतात. त्या उन्हाळ्यात खालचा कप्पा पहिल्यांदा रिकामा झाला.

मग एक दिवस बाजार नसताना कमल आली. हंडा कडेवर, आणि हंड्यात पाणी नाही.

'बाई, आबा बैलं इकनार हायती,' ती म्हणाली. 'येत्या बाजाराला. घराला कुलूप लावून समदी पुन्याकडं आत्याच्या पोराकडं जायाचं म्हनत्यात.'

'का? तुझे मालक तर बैल छावणीत नेऊन बांधू म्हणत होते ना?'

'ते रोज सांगत्यात. पन होईकीत काय आलंय? आधी गेले ते आत, मागं ऱ्हायले ते भायेर. आबा म्हनत्यात, आपन मागं ऱ्हायचं न्हाई.'

मी उठून चप्पल घालू लागले. म्हटलं, 'चल, मी सांगते त्यांना की ही नुसती गोष्ट आहे.'

कमलनं टेबलाची कड धरली. 'नका सांगू. सांगितलं की पुस्तक आढ्याला जाईल. पुन्ना हातात यायचं न्हाई.' मग तिनं विचारलं, 'आन न्हाई सांगितलं तर बैलं जात्याल. बाई, होईकीला तोड आसती ना?'

तोड म्हणजे उपाय. अंगात आलेला माणूस वाईट सांगतो, तसा त्याच्यावरचा उपायही सांगतो. तोड सांगितल्याशिवाय होईक पुरी झाली असं आमच्याकडं मानत नाहीत. मला त्या कादंबरीचा शेवट माहीत होता. नायकाला भिंतीखाली बुजलेली विहीर सापडते. तो इमानदारीनं साहेबाला कळवतो. साहेब विहिरीवर सिमेंट ओततो, नायकाला रोज एक तांब्या पाणी जास्त मिळतं, आणि शेवटच्या ओळीत रांग पुन्हा सरळ होते. तोड कुठंच नव्हती. मी तसं सांगितलं. कमलला ते माहीत होतं. तिनं पुढचं सगळं आधीच वाचून काढलं होतं.

'उद्या शेवट वाचायचा हाय,' ती म्हणाली. 'तुमी या.'

वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये आपण पडू नये, हा माझा धंद्यातला नियम. पण त्या दिवशी मी लायब्ररी अर्धा दिवस बंद ठेवून मळ्यात गेले. लिंबाखाली पंधरा-वीस माणसं होती. आबा बैलांच्या दावणीला टेकून बसले होते. बैलांची हाडं मोजता येत होती. कमलनं पुस्तक उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली.

विहीर सापडेपर्यंत अक्षर न् अक्षर छापल्याप्रमाणं होतं. पुढं साहेबाकडं जायचं होतं. नायक गेला नाही. रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका म्हातारीच्या कानात त्यानं विहिरीचं सांगितलं. मी मान वर केली. कमलचं बोट ओळीवरून सरकत होतं, आवाज तोच, पान उलटायच्या ठिकाणी ती पान उलटत होती. विहिरीवरची माती काढली, खाली पाणी चमकलं, असं तिनं वाचलं.

आबांनी विचारलं, 'खोल किती?'

'आठ परस,' कमल म्हणाली. म्हणजे आठ पुरुष खोल.

'मंग हातानं शेंदायचं न्हाई जमायचं.'

'न्हाईच जमलं. चार मानसं लागली, तरी अर्धी घागर आली.'

'मोट लागंल.'

कमलनं आबांकडं पाहिलं. मग बोट पुढं सरकवून पुस्तकी भाषेत वाचलं, 'म्हातारी म्हणाली, मोट लागेल.'

माणसांनी माना डोलावल्या.

'मोटंला बैलं कुठली?' कुणीतरी मागून म्हणालं.

'शहरात एकही बैल नव्हता,' कमलनं वाचलं. 'येताना सगळ्यांनी विकून टाकले होते.'

आबा दावणीपासून जरा पुढं सरकले. 'येकानं बी ठिवले न्हाईत?'

कमलनं पान उलटलं. मी तिच्या शेजारीच बसले होते. ते पान कोरं होतं, पुस्तक संपलं होतं. त्या कोऱ्या पानावर बोट ठेवून तिनं वाचलं, 'एकानं ठेवले होते. तो गावातच राहिला होता. लोक भिंतीबाहेर पडले आणि त्याला शोधत निघाले.'

पुढं तिनं बरंच वाचलं. लोक त्या माणसाच्या दारात कसे आले, पहिली मोट वर आली तेव्हा पाणी आधी कुणाला दिलं, नंबर कसे पुसले. मी ते कुठं लिहून ठेवलं नाही, ही चुटपुट अजून आहे. तिला पुढं विचारलं तेव्हा ती दर वेळी थोडं निराळं सांगायची.

आबा बाजाराला गेले नाहीत. बैल छावणीत गेले आणि हाडांवर का होईना, दुष्काळातून निघाले.

इथं गोष्ट संपली असती. पण ऐकणाऱ्यांनी गावभर केलं. 'मोटंचं पुस्तक' मागायला माणसं यायला लागली. पुस्तक पोस्टमास्तरांनी नेलं आणि तिसऱ्या दिवशी ते परत द्यायला निघाले. त्यांना मोट सापडली नव्हती. भविष्यकाळात मोट कशी, अशी शंका त्यांना होतीच. वाटेत बाजारात आबा भेटले, तसं त्यांनी छापील शेवट त्यांना उभ्याउभ्या वाचून दाखवला आणि म्हणाले, 'बाकीचं तुमच्या सूनबाईंच्या पदरचं.' मास्तरांच्या मनात काही वाईट नव्हतं. नियमाचा माणूस, टपाल ज्याचं त्याला पोचवायचा.

आबा तसेच लायब्ररीत आले. मागं कमल. मास्तरही दारात उभे राहिले. आबांनी पुस्तक माझ्यापुढं ठेवलं.

'बाई, ह्यात छापलंय ते खरं का हिनं वाचलं ते खरं?'

'आबा, दोन्ही मनानंच रचलेलं आहे,' मी म्हटलं. 'छापलंय तेसुद्धा कुणीतरी बसून रचलेलंच. ही होईक नव्हे. गोष्ट आहे.'

'गोष्ट,' आबा म्हणाले. कमल खाली बघत होती. आबांनी पुस्तक उचलून उलटंसुलटं केलं. 'रचनारा कुठला?'

'पुण्याचा.'

'हीर पाह्यलीया का त्यानं कधी?'

'मला नाही माहीत.'

'मंग त्याला काय ठावं,' आबा म्हणाले. 'आमी हिचंच धरनार.' आणि दाराकडं वळता वळता, पाठमोरेच, 'हिच्या नावानं कार्ड करा. माझा आंगठा कशाला उगीच. आन दुसरं भविष्य द्या. जरा जाड बघून.'

कमलनं त्या दिवशी कार्डावर सही केली.

पुढं पाऊसपाणी झालं, कॅनॉल आला, मोटा गेल्या, बैलही गेले. पुठ्ठ्याची चिठ्ठी मी बदलली नाही. मी निवृत्त व्हायच्या सुमारास जीर्ण पुस्तकं बाद करायचं काम निघालं, तेव्हा ते पुस्तक हाताला आलं. पाठ निघालेली, कव्हरावर हळद. सवयीनं खोडरबर घेतला आणि शेवटचं पान उघडलं. रांग सरळ होते, त्या ओळीखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'शेवट चुकीचा छापला आहे. खरा शेवट आबांच्या सुनेकडून ऐकावा.'

त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात होतं, 'ऐकला. पक्का आहे.'

ते अक्षर पोस्टमास्तरांचं होतं.